मेरीचा झगा निळा का? रंगाला अर्थ येतो तरी कुठून

नवरात्र जवळ आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ रंगांचा तक्ता फिरायला लागतो. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारिंगी; उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी असं काहीतरी. लोकलचा डबा असो की बँकेतलं काउंटर, त्या दिवशी जिकडेतिकडे तोच रंग. तक्त्याखाली बहुतेक वेळा एक टीपही असते: निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद, करडा म्हणजे समतोल. हे सगळं पुराणात सांगितलंय अशी अनेकांची प्रामाणिक समजूत आहे. आजीला विचारून बघा; तिच्या तरुणपणी असलं काही नव्हतं. वारांवरून रंग काढायचे आणि ते रोज छापायचे, ही मराठी वर्तमानपत्रांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत रुळवलेली पद्धत आहे.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. रंगाला अर्थ कसा चिकटतो, याचा हा आपल्या डोळ्यांदेखत घडलेला नमुना आहे. कुणीतरी ठरवतं, कुणीतरी छापतं, लोक तसं वागतात आणि एका पिढीत त्याची परंपरा होते. चित्रकलेच्या इतिहासातही साधारण हेच झालंय, फक्त तिथे छापखान्याच्या आधी खाणी, व्यापारी आणि रसायनशाळा येतात. रंगांच्या अर्थाबद्दलचे बहुतेक लेख तो अर्थ माणसाच्या मनात शोधतात. मी तो आधी बाजारात शोधणार आहे. सगळे रंग घेऊन बसलो तर ग्रंथ होईल, म्हणून मुख्यतः निळ्याची गोष्ट सांगतो. येशूची आई मेरी चित्रांत निळ्या झग्यात का दिसते, हे कोडंही त्यातच येईल. बाकीचे वाटेत भेटतील.

## भुकटी आणि चिकटवण

चित्रकाराच्या दृष्टीने रंगात दोन वस्तू असतात: एक भुकटी आणि ती भिंतीला किंवा कापडाला धरून ठेवणारी चिकटवण. या भुकटीला रंगद्रव्य म्हणतात. ते पाण्यात विरघळत नाही, नुसतं मिसळतं. दारातली रांगोळी म्हणजे चिकटवण नसलेलं रंगद्रव्यच. म्हणून वारा सुटला की ती जाते. हळदीचं वेगळं. तिचा रंग धाग्यात शिरतो. साबण लावला तर डाग लाल होतो पण हटत नाही, आणि कपडा दोन दिवस उन्हात टाकला की आपसूक उडतो. असा भिनणारा रंग म्हणजे रंजक. खनिजापासून केलेली रंगद्रव्यं बहुधा शतकानुशतकं टिकतात, झाडापाल्याचे आणि किड्यांचे रंजक उजेडाला भितात. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

चिकटवण काळाप्रमाणे बदलली. आपल्या लघुचित्रांत डिंक, मध्ययुगीन युरोपात अंड्याचा बलक, पुढे जवसाचं तेल. एवढ्या शिदोरीवर पुढचं सगळं कळतं.

## माती फुकट, निळा महाग

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरू दळून शिंपल्यांत कालवल्याचे सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहा घ्या किंवा आपल्या मध्य प्रदेशातलं भीमबेटका. गेरूचा लाल, मातीचा पिवळा, काळा, पांढरा असे ठरावीक रंग दिसतात. निळा नाही. त्या माणसांना वर आकाश दिसत होतंच, पण आकाशाचा निळा ओंजळीत येत नाही. तो प्रकाशाचा खेळ आहे, दळून भुकटी करता येईल असं तिथे काही नाही. निळी माती तर जवळपास कुठेच मिळत नाही. इजिप्तमधल्या लोकांनी सुमारे ५००० वर्षांपूर्वी वाळू, चुना आणि तांबं भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून निळी भुकटी बनवली. माणसाने कारखान्यात केलेला हा बहुधा पहिला रंग, आणि तो निळाच असावा यात नवल नाही. जो निसर्गात मिळत नाही तोच बनवावा लागतो.

हा फरक बघायला फार लांब जायला नको, अजिंठा पुरेसा आहे. तिथल्या चित्रांतला लाल आणि पिवळा मातीचा. काळा काजळीचा. पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती. हिरवा तर ज्या काळ्या दगडात लेणी कोरली, त्याच दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. म्हणजे बहुतेक पेटी आसपासच्या डोंगरातच भरली. निळा मात्र आला तो ईशान्य अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. तिथल्या खाणींतल्या लाजवर्द नावाच्या दगडाची ती पूड आहे.

आता गंमत अशी, की ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतल्या सर्वांत जुन्या, इसवी सनापूर्वीच्या चित्रांत हा निळा नाही. तो दिसतो पाचव्या शतकातल्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या लेण्यांत: १, २, १६, १७. मधल्या काळात माणसांचे डोळे बदलले नव्हते. बदलले ते व्यापाराचे रस्ते आणि खर्च करणाऱ्यांची ऐपत. १६ क्रमांकाचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, असं तिथला शिलालेखच सांगतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी या बोधिसत्त्वाच्या हातात निळं कमळ आहे. भाविकाला ते नीलकमळ दिसत असेल, पण जाणकाराला त्याच पाकळीत दात्याचा हात किती लांब पोचतो तेही दिसत असणार.

कुणी म्हणेल, नीळ तर आपल्याकडे पिकतच होती, जगभर जातही होती. मग अफगाणिस्तान कशाला? नीळ हा झाडाचा रंजक. कापडावर तो उत्तम, भिंतीवर खनिजाइतका तेजस्वी नाही आणि टिकाऊही नाही.

## औंसाला चार फ्लोरिन

हाच दगड युरोपात पोचला आणि त्याच्या रंगाला अल्ट्रामरीन नाव पडलं. तो नुसता दळून चालत नाही. दगडात निळ्याबरोबर पांढरं आणि करडं खनिज मिसळलेलं असतं, सरसकट दळलं तर हातात राखाडी पूड येते. इसवी सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने रीत लिहून ठेवली आहे. दळलेली पूड राळ आणि मेणात मिसळायची, त्याचा गोळा काही दिवस ठेवायचा, मग राखेच्या क्षारपाण्यात तो कणीक तिंबावी तसा तिंबत राहायचा. निळे कण सुटून तळाशी बसतात, मळ गोळ्यातच राहतो. पहिल्या हाताला येतो तो गर्द निळा. दुसऱ्या, तिसऱ्या हाताला फिका, आणि शेवटी उरते निळसर राख. तीही टाकून देत नसत, विकत.

म्हणून रंग कुठला वापरायचा हे चित्रकाराच्या लहरीवर सोडलेलं नसे, ते करारात लिहिलेलं असे. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने डोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी केलेला करार आजही वाचायला मिळतो. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचं चित्र काढायचं, मोबदला ११५ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं), रंगाचा खर्च चित्रकाराचा, आणि निळा मात्र औंसाला सुमारे चार फ्लोरिन भावाचा अल्ट्रामरीनच हवा. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. चित्रकाराने अझुराइट नावाच्या स्वस्त, तांब्याच्या खनिजाचा निळा फासून बाकीचे पैसे खिशात घालू नयेत, म्हणून ही कलमं. आपल्याकडे घर बांधताना करारात सिमेंटचा ब्रँड लिहून घेतात, त्याच वृत्तीचं हे काम.

मेरीच्या झग्याचं कोडं इथे बऱ्यापैकी सुटतं. बाराव्या शतकाआधीच्या युरोपात ती काळपट, करड्या, तपकिरी, जांभळट कपड्यांतही दिसते. मुलाच्या मृत्यूचा शोक करणारी आई म्हणून गडद रंग. पुढे निळा स्थिरावला. देवाच्या आईला सर्वांत महागडी वस्तू अर्पण करायची हा सरळ हिशेब, देवळावर सोन्याचा कळस चढवतात तसाच. पुढच्या पिढ्यांना दर भिंतीवर निळी मेरी दिसत राहिली आणि निळा म्हणजे पावित्र्य, स्वर्ग, निष्ठा असे अर्थ त्याला चिकटत गेले. किंमत आधी, पावित्र्य मागून.

महाग रंगाच्या हव्यासापायी माणूस काय काय करतो, याचा एक आपल्याकडचा दाखला सांगायलाच हवा. प्यूरी नावाचा एक तेजस्वी पिवळा रंग लघुचित्रांत वापरला जाई आणि युरोपातही जाई. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लिहिलं की बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूरला गाईंना आंब्याचा पाला खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून तो करतात. ही थाप आहे असं बरेच दिवस मानलं गेलं. जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या अलीकडच्या तपासण्यांनी मात्र मुखर्जींच्याच पारड्यात वजन टाकलं आहे. नुसत्या आंब्याच्या पाल्यावर गाईंचे काय हाल होत असतील, ते गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको.

## पण काही अर्थ उपजत असतीलच ना?

ही शंका रास्त आहे. लाल दिसला की नजर तिकडे वळते, हे खरंच आहे. १९६९ मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या संशोधकांनी जगातल्या अनेक भाषा तपासल्या, तेव्हा ज्या भाषांत रंगांना मोजकीच नावं आहेत तिथेही काळ्या-पांढऱ्यानंतर पहिलं नाव बहुधा लालाला मिळालेलं दिसलं. निळ्याचा नंबर बराच मागे. म्हणजे लाल लक्ष वेधून घेतो, हे शरीरातलं असू शकेल.

लक्ष वेधणं वेगळं आणि अर्थ वेगळा. तोच लाल चौकातल्या सिग्नलवर थांबायला सांगतो, कपाळावर सौभाग्य सांगतो आणि चीनमध्ये नवरीचा पोशाख होतो. पांढऱ्याचं तर विचारूच नका. आपल्याकडे तो वैधव्याचा होता, तर युरोपात व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नात पांढरा घातल्यावर तो नवरीचा म्हणून रुळला.

निळ्याचं बघा. ज्युलियस सीझर लिहितो की ब्रिटनमधले लोक लढाईत भयंकर दिसावं म्हणून अंगाला निळा रंग फासतात. आणि भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना रंग वाटून दिले आहेत: शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, अद्भुत पिवळा. निळा कुणाला दिलाय? बीभत्साला. 'निळा म्हणजे शांती' असल्या टिपेवर भरतमुनींनी हरताळच फासला असता.

आता माझ्याच मुद्द्याविरुद्ध जाणारं उदाहरण: कृष्ण. तो निळा झाला तो लाजवर्दाच्या भावामुळे नव्हे. काव्यात तो मेघश्याम आहे, पाण्याने भरलेल्या ढगासारखा सावळा. ते सावळेपण कागदावर उतरवताना चित्रकारांनी निळ्याच्या नाना छटा वापरल्या. इथे अर्थ शब्दांतून आला आणि रंग त्याच्या मागून. तेव्हा बाजार हेच एकमेव उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण पुढचा टप्पा पुन्हा यंत्राचाच. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. देवांच्या कांतीचे, शेल्यांचे, साड्यांचे रंग एकदा दगडावर ठरले की हजारो प्रती तशाच निघत. गावोगाव भिंतींवर तेच रंग लागले आणि लोकांना देव तसेच असतात असं वाटू लागलं.

## निळा स्वस्त झाला तेव्हा

१७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग करणारा किड्यांपासून लाल रंग बनवत होता. त्याच्याकडचा क्षार प्राण्यांच्या अंशांनी बिघडलेला होता, आणि भांड्यात लालाऐवजी गर्द निळा तयार झाला. हाच प्रशियन निळा. अल्ट्रामरीनच्या मानाने तो किरकोळ भावात मिळू लागला. तो जपानला पोचला आणि १८३१ च्या सुमारास होकुसाई या चित्रकाराने त्यात आपली प्रसिद्ध महाकाय लाट छापली. त्या छापाची किंमत होती साधारण दोन वाडगे नूडल्सइतकी. जपानी चित्रकलेचं प्रतीक म्हणून आपण जे टी-शर्टवर मिरवतो, त्यातला निळा जर्मन आहे.

मग फ्रान्समध्ये उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने १८२४ मध्ये ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं: किलोमागे ३०० फ्रँकच्या आत अल्ट्रामरीन बनवून दाखवा. १८२८ मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमेला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्याने लाजवर्दाचाच निळा तयार केला. पुढे तो इतका स्वस्त झाला की वाण्याकडे पुडीत मिळू लागला. पांढऱ्या सदऱ्याचा पिवळटपणा मारायला घालायची ती निळी भुकटी हाच अल्ट्रामरीन. गिर्लांदायोला औंसागणिक हिशेब द्यावा लागला, तो रंग आपल्याकडे दर रविवारी मोरीतून वाहून जात होता.

१८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची, पिळता येणारी रंगाची नळी काढली. त्याआधी कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. आता पेटी उचलून नदीकाठी जाता येऊ लागलं. त्याच सुमारास, १८३९ मध्ये, शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथ आला. तो पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने धागा तपासला, त्यात खोट नव्हती. दोष होता शेजारच्या रंगांचा. शेजार बदलला की तोच रंग वेगळा दिसतो, हे त्याने पद्धतशीर मांडलं. नव्या चित्रकारांनी ते उचललं आणि सावल्या काळ्या-तपकिरी न रंगवता निळ्या-जांभळ्या रंगवल्या.

एकदा सगळ्यांना परवडू लागल्यावर निळ्याने श्रीमंती किंवा भक्ती दाखवण्यात अर्थ उरला नाही. तो सावलीचा झाला, नदीचा झाला, आणि १९०१ नंतरची काही वर्षं पिकासोने भिकारी, आंधळे, उपाशी माणसं निळ्यात रंगवली तेव्हा दुःखाचाही झाला. रंगाला 'चित्रकाराच्या मनातली भावना' असा खासगी अर्थ लावण्याची आपली सवय बरीचशी या स्वस्ताईनंतरची आहे. ती आपण उगाच मागच्या हजार वर्षांवर लादतो.

## मग नुसत्या रंगाच्या चित्राला कोट्यवधी कशाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचं १९७० मधलं एक अमूर्त चित्र लिलावात सुमारे ६७ कोटी रुपयांना गेलं आणि 'यात आहे काय?' हा प्रश्न पुन्हा ऐकू आला. रंग स्वस्त झाला, तर मग पैसे कशाचे?

हाताळणीचे आणि दुर्मीळतेचे. नागपूरला जन्मलेले, मूळचे गोव्याच्या घरातले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. रोलरने आणि रंगाच्या सुरीने पातळ थर द्यायचे, काही खरवडून काढायचे, पुन्हा थर. उजेड वरच्या थरातून आत शिरतो आणि खालच्यांवरून परत येतो, त्यामुळे एकाच रंगाचं वाटणारं चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. फोनवर हे कळणं अवघड, कारण पडद्याला थर नसतात. यीव्ह क्लाईन या फ्रेंच चित्रकाराने चिकटवणीवरच काम केलं. कोरडी अल्ट्रामरीनची भुकटी जितकी झळाळते तितकी तेलात कालवल्यावर राहत नाही, ही त्याची तक्रार. एका रंगविक्रेत्याच्या मदतीने त्याने अशी कृत्रिम राळ शोधली की भुकटी चिकटेल पण भुकटीच दिसेल.

म्हणून चित्र ६७ कोटींचं ठरतं का? ते ठरवतो लिलावातला समोरचा माणूस, आणि त्या आकड्याचं समर्थन करायची जबाबदारी मी घेत नाही. चित्र चांगलं आहे हे मात्र त्या आकड्याशिवायही म्हणता येतं.

## आज दिसतो तोच रंग मूळचा का?

पुष्कळदा नाही. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपल्या खोलीचं चित्र काढलं आणि भिंती फिक्या जांभळ्या आहेत असं पत्रात लिहिलं. आज त्या निळ्या दिसतात. निळ्यात मिसळलेला लाल किड्यांच्या रंजकापासून केला होता. तो उजेडाने उडाला, निळा मागे राहिला. त्या निळ्या भिंतींच्या शांततेवर जे परिच्छेद लिहिले गेले, त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

याहून मोठी फसगत ग्रीक पुतळ्यांची. ते मुळात रंगवलेले होते. जमिनीखालून निघेपर्यंत रंग झडले, आणि पांढरा संगमरवर म्हणजेच अभिजात सौंदर्य असं अठराव्या शतकातल्या युरोपाने ठरवून टाकलं. ही समजूत इतकी पक्की, की १९३० च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं आणखी पांढरी व्हावीत म्हणून खरवडली गेली. पुढे त्याच शिल्पांवर इजिप्शियन निळ्याचे कण सापडले. तो रंग विशिष्ट प्रकाशात डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणं सोडतो आणि कॅमेऱ्यात पांढरा चमकतो, त्यामुळे लपून राहत नाही.

अजिंठ्याचंही सोपं नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा रंग धरून ठेवायला चित्रांवर लाखेचा थर दिला. हेतू चांगला होता, पण लाख पिवळी पडत गेली आणि पिवळ्याखालून निळा हिरवट दिसू लागला. पुरातत्त्व खात्याने नंतर बरीच सफाई केली आहे. त्याआधी जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून चित्रांच्या नकला केल्या होत्या, पण त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. मूळ रंग ताडून बघायचा एक चांगला आधार तिथे संपला.

अजिंठ्याला गेलात तर पद्मपाणीसमोरच्या गर्दीत सगळा वेळ घालवू नका. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मान वर करून छत बघा. लाजवर्दाचा निळा तिथे चांगला टिकून आहे. फ्लॅश वापरायला बंदी आहे, आणि सोमवारी लेणी बंद असतात.